कंडोम कधी नव्हता, तेवढं विचारा : वस्तीत नव्याने काम सुरू करणाऱ्या पीअर ताईंसाठी

पीअर ताई म्हणजे एचआयव्ही रोखण्याच्या प्रकल्पातर्फे धंद्यातल्या बायकांना कंडोम आणि माहिती पोचवणारी कार्यकर्ती. पुण्याची बुधवार पेठ असो, मुंबईचा कामाठीपुरा असो, नागपूरची गंगा-जमुना असो की सांगलीचं गोकुळनगर, धंदा करणाऱ्या बाईला ‘कंडोम वापरतेस का?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : ‘हो ताई, नेहमी.’ ती खोटं बोलत नसते. तिच्या हिशेबी ‘नेहमी’मध्ये फक्त गिऱ्हाईक येतं. तिच्या खोलीवर राहणारा माणूस त्यात येत नाही. पाच वर्षांपासून दर शनिवारी येणारा पक्का गिऱ्हाईक, फुकटात बसून गेलेला गल्लीतला दादा, दारू जास्त झालेली रात्र, हेही येत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत प्रश्न बदला : ‘मागच्या महिन्यात कंडोमशिवाय कधी झालं? कुणासोबत?’ विचारताना आवाज ‘जेवलीस का’ म्हणतानाचाच ठेवा. उत्तर ऐकून भुवई वर गेली, तर पुढच्या वेळी पुन्हा ‘नेहमी’च ऐकायला मिळेल.

दिवसाला किती गिऱ्हाइकं होतात, या आकड्यावरून जोखीम मापू नका. तो आकडा लागतो कंडोम किती द्यायचे ते ठरवायला. आठ गिऱ्हाइकं कंडोम लावून घेणाऱ्या बाईपेक्षा, एकाच माणसाबरोबर रोज बिनकंडोमची राहणारी बाई जास्त धोक्यात असू शकते, कारण तो माणूस आणखी कुठे जातो हे तिला ठाऊक नसतं.

खोलीवरचा माणूस

त्याला कुणी मालक म्हणतं, कुणी यार, कुणी नुसतंच ‘हे’. कंडोम हा तिच्यासाठी गिऱ्हाईक आणि आपला माणूस यांच्यातला पडदा असतो. तो काढला की हा आपला. त्यामुळे ‘तो बाहेर जात असेल’ असं तुम्ही म्हणालात, की भांडण लागणार आणि तुमची वाट बंद होणार. त्यापेक्षा दोघांनी मिळून तपासणी करायची, तीन महिने कंडोम वापरायचा आणि पुन्हा तपासायचं, असा रस्ता सुचवा. ‘डॉक्टरने गर्भ न राहण्याच्या गोळ्या बंद केल्यात, सध्या कंडोमच’ ही सबब अनेकींना सोपी जाते. नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या बाईला मात्र ही सबब चालत नाही. तिच्या डोक्यात कंडोम म्हणजे मूल टाळायची वस्तू असते, ‘ऑपरेशन झालंय’ म्हणून ती निर्धास्त असते. तिच्याशी थेट गर्मी (सिफिलिस), परमा (गनोरिया) आणि एचआयव्हीबद्दलच बोला.

कंडोम : हात कुठे चुकतो

लाकडी मॉडेलवर तुम्ही करून दाखवलंत, तिने मान हलवली, म्हणजे तिला आलं असं नाही. पाकीट तिच्या हातात द्या आणि गप्प बसून बघा.

आधी तारीख बघायची. मग पाकीट चिमटीत दाबायचं. आत हवेची उशी जाणवली पाहिजे. पाकीट चपटं, कडक किंवा चिकट लागलं तर टाकून द्यायचं. आतला कंडोम बोटाने एका कडेला सारून दुसरी कड हाताने फाडायची. दाताने, ब्लेडने किंवा केसातल्या पिनेने फाडणं हे कंडोम फाटण्याचं मोठं कारण आहे, आणि घाईत सगळ्या तेच करतात. लिंग पूर्ण ताठ झाल्यावर कातडी मागे घ्यायची, कंडोमचं टोक चिमटीत धरून हवा काढायची आणि गुंडाळी मुळापर्यंत उलगडायची. ती उलगडत नसेल तर कंडोम उलटा बसलाय. इथेच बहुतेकजणी तो तसाच पलटून पुन्हा लावतात. तसं करायचं नाही, कारण बाहेरच्या बाजूला त्याचा ओलावा लागलेला असतो. तो फेकून दुसरा घ्यायचा. काम झाल्यावर लिंग सैल पडायच्या आत कंडोमची कड बोटांनी धरून बाहेर काढायला लावायचं. गाठ मारून कागदात गुंडाळायचा आणि डब्यात टाकायचा. मोरीत टाकला की मोरी तुंबते आणि घरवाली, म्हणजे अड्डा चालवणारी बाई, तुमच्या प्रकल्पालाच शिव्या घालते.

फाटण्याचं दुसरं मोठं कारण कोरडेपणा. लागोपाठ गिऱ्हाइकं झाली, किंवा गिऱ्हाईक ताकदीची गोळी खाऊन आलं आणि वीस मिनिटं उतरेचना, की घर्षणाने रबर जातं. वेळ लांबला की मध्येच कंडोम बदलायचा आणि पाण्यावर आधारलेलं जेल बाहेरून लावायचं. खोबरेल तेल, व्हॅसलिन, बॉडी लोशन, बेबी ऑइल यांपैकी काहीही नको, तेलाने रबर काही मिनिटांतच कमजोर होतं. हे पटवायला भाषणाची गरज नाही. एक कंडोम फुगवून गाठ मारा, त्याला खोबरेल चोळा, आणि गप्पा चालू ठेवा. थोड्या वेळाने तो फुटल्याचा आवाज पुरतो.

एकावर एक दोन कंडोम लावले की ते एकमेकांवर घासून फाटतात. बाईने लावायचा कंडोम आणि पुरुषाचा कंडोम एकत्र वापरला तरी तेच होतं. बाईचा कंडोम दारूड्या गिऱ्हाइकाच्या वेळी फार उपयोगी, कारण तो आधीच लावून बसता येतं. नाशिकजवळ सिन्नरला तयार होणाऱ्या बाईच्या कंडोममध्ये आत स्पंज असतो. तोही लॅटेक्सचाच, म्हणजे तेल त्यालाही चालत नाही. त्याची अडचण एवढीच की सवय व्हायला चार-पाच वेळा लागतात आणि पहिल्या दोनदा बाई वैतागते.

साठवण बघायला खोलीतच जा. पत्र्याच्या छताखालच्या फळीवर, देव्हाऱ्यातल्या दिव्याशेजारी, चिल्लर आणि चाव्या असलेल्या पर्समध्ये ठेवलेले कंडोम लवकर खराब होतात. झाकणाचा प्लास्टिकचा डबा खाटेखाली, भिंतीपासून जरा लांब, ही त्यातल्या त्यात बरी जागा.

किती कंडोम द्यायचे, याचा हिशेब तिच्यासमोर बसून करा. दिवसाला ४ गिऱ्हाइकं, आठवड्याचे ६ दिवस, म्हणजे २४. फाटणे, उलटा लागणे, मध्ये बदलणे यासाठी ४. खोलीवरच्या माणसासाठी ४. आठवड्याला ३२. तुम्ही २० देऊन गेलात तर शनिवारी रात्री तिच्याकडे काहीच नसतं, आणि शनिवारीच गर्दी असते. मोबाइलवर काम घेऊन लॉजवर जाणाऱ्या बाईला आठवड्याचा साठा एकदम द्या, ती तुम्हाला रोज भेटत नाही.

गिऱ्हाईक नको म्हणतं तेव्हा

सगळी बोलणी पैसे हातात येण्याआधी आणि कपडे काढण्याआधी करायची. नंतर तिचा हात खाली असतो. ‘तुला काही आजार असेल’ हे वाक्य कधीच चालत नाही, त्याने पुरुष भडकतो. ‘माझं आत दुखतंय, औषध चालू आहे, तुलाच त्रास होईल’ हे चालतं. ‘घरी बायको आहे ना तुझी, तिच्याकडे काही घेऊन जाऊ नकोस’ हेही चालतं. दुप्पट पैसे देणाऱ्याला नकार देणं एकटीला जड जातं. एका माडीवरच्या सगळ्याजणींनी आणि घरवालीने मिळून ‘बिनकंडोम नाहीच’ ठरवलं, की गिऱ्हाईक शेजारच्या दारात जाऊनही काही मिळत नाही. म्हणून घरवालीशी बोलायला वेळ काढा. नियम तिने लावला तर तो टिकतो.

अंधारात कंडोम गुपचूप काढणारेही असतात. मधूनमधून हाताने चाचपायची सवय लावा आणि दिवा पूर्ण बंद करू देऊ नका. उजेडाचा दुसरा फायदा असा की, लिंगावर फोड, जखम, पू आहे का ते दिसतं. आंडाच्या पिशवीवर किंवा मांडीवर फोड असेल तर कंडोम तिथे पोचत नाही, अशाला परत पाठवणंच बरं.

मागून करण्याचे जास्त पैसे मिळतात, त्यामुळे हे काम वाढलंय आणि त्याबद्दल बोललं कमी जातं. जोडीदार पॉझिटिव्ह असेल आणि औषधावर नसेल, तर एका बिनकंडोमच्या वेळेला बाईला लागण होण्याचा अंदाज पुढून असेल तर दहा हजारांत ८, मागून असेल तर दहा हजारांत १३८ असा आहे. आतली कातडी पातळ, ओलावा नाही, लगेच चिरते. जेलशिवाय मागून घ्यायचंच नाही, आणि मागून पुढे येताना कंडोम बदलायचा. ८ हा आकडा ऐकून कुणी हसलं तर सांगा की जखम, गर्मीचा फोड किंवा नुकतीच लागण झालेला गिऱ्हाईक असला की तो बराच वर जातो. तोंडाने केल्यास एचआयव्हीचा धोका फार कमी, पण परमा आणि गर्मी घशात होऊ शकतात.

पाळीत काम करणाऱ्या बायका आत कापूस किंवा स्पंज ठेवतात. बंद करा म्हणून त्या बंद करणार नाहीत, पोट आहे. स्वच्छ तुकडा ठेवा, किती ठेवले ते मोजा, चार तासांच्या वर ठेवू नका, आणि कंडोम हवाच. आत विसरलेला कापसाचा बोळा कुजून घाण वास मारतो, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना.

फाटला तर

लगेच थांबायचं, बाहेर काढायला लावायचं. लघवी करून बाहेरून साध्या पाण्याने धुवायचं. आत पाणी मारायचं नाही. डेटॉल, लिंबू, तुरटी, हळद, कपडे धुवायचा साबण, यांनी आतली पातळ त्वचा सोलते आणि विषाणूला दार उघडं होतं. ‘जळलं म्हणजे जंतू मेला’ ही समजूत वस्तीत खोल रुजलेली आहे, ती एका बैठकीत जात नाही.

त्या क्षणापासून घड्याळ सुरू. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या, म्हणजे पीईपी, ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, आणि जेवढ्या लवकर तेवढं चांगलं. रात्री फाटला तर सकाळची वाट बघू नका, सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग रात्रीही उघडा असतो. आधी एचआयव्ही तपासणी होते, मग २८ दिवस रोज गोळी. आठव्या-दहाव्या दिवशी मळमळ झाली म्हणून सोडणाऱ्या खूप असतात, त्या काळात तुम्ही रोज फोन करा. कोर्स संपल्यावर लगेच ‘झालं, वाचले’ म्हणायचं नसतं, सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. जबरदस्ती झाली असेल, तर सरकारी असो की खासगी, कुठल्याही रुग्णालयाला मोफत प्राथमिक उपचार नाकारता येत नाहीत, आणि बाई धंदा करते म्हणून तिचा हा हक्क कमी होत नाही. नुसता कंडोम फाटल्याच्या वेळी काही डॉक्टर टाळाटाळ करतात. तेव्हा समुपदेशकाला सोबत घेऊन एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारं सरकारी केंद्र, गाठा, तिथेही नाही जमलं तर खासगी डॉक्टरची चिठ्ठी. सगळं ७२ तासांच्या आत.

गर्भाची भीती असेल तर लिव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एक गोळी, तीही ७२ तासांच्या आत. या गोळीचा आणि एचआयव्हीचा काही संबंध नाही. मेडिकलमधून ही गोळी घेऊन ‘सगळं मिटलं’ समजणाऱ्या मुली लॉजवर जास्त भेटतात.

ज्या बाईला कंडोम नेहमी लावून घेणं शक्यच नाही, तिच्याशी प्रेपबद्दल बोला. लागण होण्याआधीपासून रोज घ्यायची ही गोळी. कोलकात्याच्या सोनागाचीत आणि म्हैसूरमध्ये सेक्स वर्कर बायकांच्या संघटनांनी ती वापरून पाहिली आहे. सुरू करण्याआधी एचआयव्ही निगेटिव्ह असल्याची खात्री आणि किडनीची तपासणी लागते, नंतर दर तीन महिन्यांनी एचआयव्ही तपासणी. परिणाम सुरू व्हायला रोज किमान सात दिवस घ्यावी लागते, काही डॉक्टर बायकांना एकवीस दिवस थांबायला सांगतात. गर्मी, परमा आणि गर्भ यांपैकी काहीच तिने अडत नाही.

तपासणीच्या तारखा

एचआयव्ही आणि गर्मीची रक्ततपासणी दर सहा महिन्यांनी, डॉक्टरकडून आतली तपासणी दर तीन महिन्यांनी. प्रकल्पात बोट टोचून केलेली तपासणी प्राथमिक असते. तीत रेघ उमटली तर आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, तीन वेगवेगळ्या किटने खात्री होते, त्याआधी कुणालाही पॉझिटिव्ह म्हणू नका. सगळं फुकट असतं.

विंडो पीरियड समजावताना पुस्तकी बोलू नका. ‘आज पाऊस पडला, गवत उगवायला वेळ लागतो’ एवढं पुरतं. लागण झाल्यापासून रक्तात दिसेपर्यंत तीन महिन्यांपर्यंत जाऊ शकतात. याच कारणाने गिऱ्हाइकाने मोबाइलवर दाखवलेला निगेटिव्ह रिपोर्ट कचऱ्याच्या किमतीचा. तो रिपोर्ट त्याचाच आहे की नाही, इथून सुरुवात.

आतल्या तपासणीला बायका टाळतात, ‘मला काही होत नाही’ म्हणतात. परमा आणि क्लॅमिडिया (परम्यासारखाच संबंधातून होणारा आजार) बायकांत बहुतेक वेळा काही जाणवू न देताच राहतात. पुरुषाला लघवीला आग होते, तो औषध घेतो. बाईला पोटात सूज येईपर्यंत कळत नाही. गर्मीचं तर आणखी फसवं : पहिला फोड दुखत नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरतो. फोड गेला, आजार आत राहिला. दुखणारे बारीक फोड पुन्हापुन्हा येत असतील तर ते बहुधा नागिणीच्या जातीचं हर्पिस.

सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या सरकारी दवाखान्यात, औषधं रंगीत पाकिटांत मिळतात. आतून पू-पाणी जात असेल तर करडं, खाज किंवा वासाचं अंगावरून जाणं असेल तर हिरवं, गर्मीच्या जखमेला पांढरं, पेनिसिलिन सोसत नसेल तर निळं, हर्पिसला लाल, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं, जांघेत गाठ असेल तर काळं. रंग तुम्ही ओळखण्यासाठी लक्षात ठेवा, वाटण्यासाठी नव्हे. एकीचं उरलेलं पिवळं पाकीट दुसरीला देणं हा वस्तीतला जुना रोग आहे. पिवळ्या पाकिटाचा कोर्स चौदा दिवसांचा, आणि चौथ्या दिवशी दुखणं थांबलं की बाकीच्या गोळ्या डब्यात जातात. तिच्या माणसालाही त्याच वेळी औषध मिळालं नाही तर पंधरा दिवसांत तिला तेच परत होतं, आणि दोष औषधाला जातो. गल्लीतल्या इंजेक्शनवाल्या डॉक्टरचं काम याच्या उलट चालतं : एक सुई, एक सलाईन, नाव नाही, चिठ्ठी नाही. तो रात्री उघडा असतो आणि उधारीवर चालतो, म्हणून तो टिकलाय. दिवसाच्या क्लिनिकची वेळ दुपारी दोननंतर ठेवून बघा, गर्दी तिकडे वळते.

पॉझिटिव्ह आली तर

तिचं नाव घरवालीला, ओळखीच्या बाईला, तुमच्या नवऱ्याला, कुणालाही सांगायचं नाही. २०१७चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि संमतीशिवाय कुणाची माहिती फोडता येत नाही. तुमच्या वहीतही नावाऐवजी कोड नंबर हवा, वही बाकावर विसरते.

औषध त्याच आठवड्यात सुरू करायचं, सीडी-फोर (रक्तातल्या लढाऊ पेशी) किती आहे याची वाट बघायची नसते. बहुतेकींना दिवसाला एकच गोळी असते, टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्रॅव्हिर यांची मिळून. ‘रात्री नऊला घे’ असं धंदा करणाऱ्या बाईला सांगू नका, नऊला तिची वेळ सुरू होते. ती दुपारी उठते, पहिला चहा घेते, गोळी त्या चहाच्या कपाशी बांधा. विसरली तर आठवल्याबरोबर घ्यायची, दोन एकदम नाहीत. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर दोन्ही जेवणाबरोबर घ्याव्यात, नाहीतर एचआयव्हीची गोळी आधी आणि दुसरी दोन तासांनी. उपाशीपोटी एकत्र घेतली की औषध अंगी लागत नाही. ॲसिडिटीच्या पातळ औषधाला मात्र जेवणाची सवलत नाही, ते गोळीनंतर दोन तासांनीच. खोकला, ताप, घाम, वजन घटणं यांपैकी काहीही असलं तर टीबीची तपासणी त्याच खेपेत.

सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, बघतात. तो अनडिटेक्टेबल, म्हणजे तपासणीत सापडत नाही इतका कमी, राहिला तर तिच्याकडून लैंगिक संबंधातून एचआयव्ही पुढे जात नाही. हे तिला नक्की सांगा, कारण हे कळल्यावर गोळी सोडणाऱ्या कमी होतात. कंडोम तरीही चालू, बाकीचे आजार आहेतच. मूल हवं असेल तर लपवून नको, आधी एआरटी केंद्रात बोलायचं.

गोळी तुटते ती बहुतेक वेळा गावाला गेल्यावर. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेला निघताना, घरच्या लग्नाला, किंवा एकदम सुरतला नाहीतर गोव्याला हलताना. आठवडाभर आधी केंद्रात सांगितलं तर जास्तीच्या गोळ्या किंवा दुसऱ्या केंद्राची चिठ्ठी मिळते. दुसरी वेळ छाप्याची. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की बाईकडे कंडोम सापडणं हा गुन्ह्याचा पुरावा धरायचा नाही. तरी छाप्याच्या भीतीने कंडोम खिडकीतून फेकले जातात, तेव्हा दुसऱ्याच सकाळी नवा साठा घेऊन जा. सुधारगृहात नेलेल्या बाईकडे मात्र गोळ्या नसतात आणि आजाराचं नाव सांगायला ती घाबरते. त्यासाठी एआरटी पुस्तिकेच्या पहिल्या पानाचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये, आणि मोबाइल जप्त होतो म्हणून केंद्राचं नाव आणि तिचा नोंदणी नंबर तिला तोंडपाठ. पहिल्याच दिवशी तिथल्या डॉक्टरला एकटं गाठून एवढंच म्हणायचं : ‘माझी रोजची गोळी आहे, ती चुकता कामा नये.’ आणि बाहेर असलेल्या कुणीही १०९७ या मोफत हेल्पलाइनवर फोन लावून जवळचं केंद्र विचारायचं.